फळ मिळाल्यावर उरते ते

उंदराच्या पाठीवरची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्या खाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की हा थर आकसतो आणि कडा एकमेकींकडे ओढून घेतो. माणसाच्या कातडीला ही सोय फारशी नाही. तिथे जखमेच्या तळातून लालसर, दाणेदार ऊती वर यावी लागते आणि कडांकडून त्वचेच्या पेशी सरकत सरकत तिला झाकतात. हा फरक मिटवण्यासाठी प्रयोगशाळेत एक युक्ती वापरतात. उंदराला भूल देऊन पाठीवरचे केस काढतात, 6 मिलिमीटर व्यासाच्या पंचने कातडीचे दोन गोल तुकडे कापून काढतात आणि प्रत्येक जखमेभोवती सिलिकॉनचे कडे टाके घालून बसवतात, म्हणजे जखम आकसून मिटत नाही. पुढे ठरलेल्या दिवशी जखमेचे फोटो आणि मोजमाप घेतात, आणि अखेर उंदीर मारून ती ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मधुमेह्याची जखम का चिघळते हे शोधायचे असेल तर उंदीर आधी मधुमेही करून घेतात. त्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, नाहीतर मधुमेह होण्याचा जन्मजात दोष असलेला वाण वापरतात.

माणसाच्या जगण्यातून प्राण्यांना होणाऱ्या बाकी बहुतेक इजांहून ही इजा वेगळी आहे. नांगराखाली किडे मरतात, पण ते मरावेत म्हणून कोणी नांगरत नाही. इथे इजा करणे हीच पहिली पायरी आहे आणि ती नीट, सारखी, मोजून मापून झाली नाही तर पुढचे सगळे फुकट. जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे चार भाग पाडले आहेत. घरकामातली ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यातली ती उद्योगी, स्वसंरक्षणातली ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पुरत्या चुकवता येत नाहीत, चौथी मात्र त्याने सोडायचीच. संशोधन हा धंदा आहे असे म्हणून या इजेला उद्योगीत बसवण्याचा मोह होईल, पण ते खरे नव्हे. संशोधकाच्या मनात द्वेष नसतो, उलट रोग्याविषयी कळवळा असू शकतो. तरी कातडी कापण्याचा संकल्प असतोच, आणि तो लेखी असतो. मग प्रश्न असा की एका जिवाचे दुखणे समजून घेण्यासाठी दुसऱ्या धडधाकट जिवाला मुद्दाम दुखणे लावले, आणि त्यातून खरोखर औषध निघाले, तर त्या लावलेल्या दुखण्याचे नैतिक दृष्ट्या काय होते? ते फिटते का?

हा प्रश्न मराठीत नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानदेव अहिंसेपाशी थांबतात आणि आधी इतरांच्या अहिंसेची झडती घेतात. पूर्वमीमांसकांनी हिंसेतूनच अहिंसा सिद्ध केली, म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण केले, असे ते म्हणतात. लगेच पुढे पाळी येते ती आयुर्वेदाची. रोगाने पोळलेली, लोळणारी भूते पाहून त्यांचे हाल थांबावेत म्हणून चिकित्सा निघाली, आणि त्या चिकित्सेने पहिल्यांदा काय केले? कुणाचे कंद खणले, कुणाला मुळापानांसकट उपटले, झाडांच्या साली सोलल्या. एवढ्यावर न थांबता हलत्याचालत्या प्राण्यांना हात घालून त्यांचे पित्त काढले आणि त्यावर दुसरे कष्टी जीव राखले. यज्ञातल्या पशूविषयी बोलणारे पुष्कळ झाले. वैद्याच्या खलबत्त्यातल्या जिवाविषयी इतक्या स्पष्टपणे बोलणारा ग्रंथ 1290 सालचा आहे, हे आपल्याकडच्या वैद्यकीय नीतीच्या चर्चांत कुणाला आठवताना दिसत नाही. ज्ञानदेवांचा सूर उपरोधाचा आहे, पण चिकित्सा बंद करा असा आदेश ते देत नाहीत. खटकते ते त्यांना एवढेच, की एवढे सगळे करून त्याला अहिंसा हे नाव द्यायचे.

मीमांसकांची बाजू मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण आजची कायदेशीर व्यवस्था नकळत तिच्याच वळणावर उभी आहे. मीमांसकांचे म्हणणे असे: कुठल्याही भूताची हिंसा करू नये हा सामान्य नियम, यज्ञात पशू बळी द्यावा हा विशेष विधी, विशेषापुढे सामान्याचे चालत नाही, म्हणून विधीने सांगितलेली हिंसा ही पाप देणारी हिंसाच नव्हे. आता 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाहा. क्रूरतेचे गुन्हे सांगून झाल्यावर कलम 14 म्हणते की शरीरविज्ञानात भर घालणाऱ्या शोधासाठी, किंवा जीव वाचवण्याच्या, दुःख हलके करण्याच्या, रोगाशी लढण्याच्या उपयोगी ज्ञानासाठी केलेले प्रयोग या कायद्याने बेकायदा ठरत नाहीत. गंमत म्हणजे याच कायद्याचे कलम 28 धर्माने घालून दिलेल्या रीतीने प्राणी मारण्यालाही गुन्ह्यातून वगळते. यज्ञ आणि प्रयोगशाळा यांना एकाच कायद्याने एकाच तऱ्हेची सूट दिली आहे. कायद्याला असे करावेच लागते. न्यायालयाला गुन्हा आहे की नाही एवढेच ठरवायचे असते. घोटाळा होतो तो एथिक्स कमिटीचा शिक्का मिळाल्यावर प्रश्न संपला असे समजण्यात. परवानगी मिळाली, म्हणजे दोष उरला नाही, हे मीमांसकाचे अनुमान आहे. ते कायद्यापुरते चालते. नीतीत चालत नाही.

का चालत नाही हे सांख्यांनी दाखवले आहे, आणि माझ्या मते या विषयावर भारतीय परंपरेत सापडणारा सर्वांत नेमका युक्तिवाद तोच आहे. सांख्यकारिकेतली दुसरी कारिका वैदिक उपायांना अशुद्धीचा दोष लावते. त्यावर तत्त्वकौमुदीत वाचस्पतिमिश्र मीमांसकांचा सामान्य-विशेषाचा न्याय मोडून काढतात. एका नियमाने दुसऱ्याला हटवायचे तर आधी दोघांत विरोध हवा. इथे विरोध आहे कुठे? एक वाक्य सांगते की हिंसा करणाऱ्याला अनर्थ भोगावा लागतो. दुसरे सांगते की पशूचा वध यज्ञाला उपकारक आहे. पशुवध यज्ञाला उपकारक असेल आणि करणाऱ्याला दोषही लावील. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पंचशिखाचार्यांच्या नावावर असलेल्या वचनाचा आधार घेऊन ते पुढे म्हणतात की यज्ञाच्या मोठ्या पुण्यात ही थोडी भेसळ असते, प्रायश्चित्ताने ती काढता येते, आणि प्रमादाने प्रायश्चित्त राहून गेले तर मुख्य फळ पिकते तेव्हा तीही सोबत पिकते. या मांडणीत यज्ञ निंद्य ठरत नाही आणि पशुवध निर्दोषही ठरत नाही. दोघांची खाती वेगळी आहेत. एकातली जमा दुसऱ्यातले देणे फेडत नाही.

प्रयोगशाळेतल्या इजेकडे असेच पाहावे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी दोन्ही खात्यांत खरोखर काही आहे, हे आधी मान्य करायला हवे. फळाचे खाते रिकामे नाही. 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या उंदरांचे जवळजवळ दोन तृतीयांश यकृत काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उंदराचे यकृत वेगवेगळ्या पाळींचे बनलेले असते. दोन मोठ्या पाळींच्या मुळाशी दोरा आवळून त्या कापून काढल्या की उरलेल्या पाळी वाढू लागतात आणि आठदहा दिवसांत यकृताचे वजन पूर्वीइतके होते. काढलेल्या पाळी पुन्हा फुटत नाहीत, उरलेल्याच फुगतात. या एका प्रयोगाच्या असंख्य आवृत्त्या झाल्या. जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा काढला तर दाता जगेल आणि तुकडाही वाढेल, हा भरवसा शल्यवैद्यांना ज्या ज्ञानातून आला त्यात या उंदरांचा वाटा मोठा आहे. 1989 साली ब्रिस्बेनमध्ये आईच्या यकृताचा भाग मुलाला बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आज मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया कोणाला नवल वाटावी अशी राहिलेली नाही. दुसरे उदाहरण रोजच्या पाहण्यातले. चिघळलेल्या जखमेला स्पंज आणि चिकट पडदा लावून यंत्राने हवा खेचतात ते व्हॅक्यूम ड्रेसिंग. त्याचा पाया असलेले, 1997 साली प्रसिद्ध झालेले प्रयोग डुकरांवर झाले, कारण डुकराची कातडी आपल्यासारखी घट्ट असते. पाऱ्याच्या 125 मिलिमीटर इतका ऋण दाब हा आकडा त्या डुकरांच्या पाठीवर ठरला.

दुसऱ्या बाजूला ज्या इजेतून काहीच हाती आले नाही तिचा ढीगही मोठा आहे. उंदराच्या मानेतल्या धमनीतून बारीक दोरा सरकवून मेंदूची मधली रक्तवाहिनी बंद करायची आणि पक्षाघात घडवायचा, ही जगभर वापरली जाणारी पद्धत. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्षाघातावर प्रयोगशाळेत तपासलेले 1026 उपाय मोजले गेले. त्यांतले शंभराहून अधिक माणसांपर्यंत पोचले. मेंदूच्या पेशी वाचवण्याचा दावा करणाऱ्यांपैकी एकही रुग्णशय्येशी टिकला नाही. उपयोगी पडले ते गुठळी विरघळवणारे औषध. कारणे शोधताना बऱ्याच प्रयोगांचे कच्चे दुवे उघडे पडले. कोणत्या उंदराला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कुठल्या गटातला हे ठाऊक होते. अशा प्रयोगांत औषधाचा गुण फुगून दिसतो, हे पुढच्या तपासण्यांत वारंवार आढळले. भाजणे आणि मार लागणे यांनंतर शरीरभर उठणाऱ्या दाहाबाबत तर 2013 साली एका गटाने उंदीर माणसाचे चित्र फार अपुरे दाखवतो असा निष्कर्ष काढला, आणि पुढच्याच वर्षी जपानमधल्या दोघा संशोधकांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने मांडून नेमका उलटा निष्कर्ष काढला. शास्त्राचा वाद म्हणून हे नेहमीचे आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र अस्वस्थ करणारे आहे, कारण फळ मिळेल म्हणून इजा करायची तर फळाची खात्री एवढी डळमळीत असून चालणार नाही.

यावर उपयुक्ततावादी म्हणेल की तुमचे दुसरे खाते ही भावुकता आहे. हजार उंदीर गेले आणि लाख रुग्ण वाचले, तर बेरीज सुखाचीच आहे. जे योग्य ते केले, मग दोष कसला? या आक्षेपात जोर आहे. पण त्याचा हिशेब जिथे चुकतो ती जागा दाखवता येते. बेरीज करण्यासाठी सुख आणि दुःख कोणा एकाचे असावे लागते, किंवा ते कोणाचे आहे याला महत्त्व नसावे लागते. शस्त्रक्रियेत माझ्याच पोटावर सुरी चालते आणि मीच बरा होतो; तिथे वेदना फळात जिरते. सिलिकॉनचे कडे अंगावर वागवणाऱ्या उंदराच्या बाबतीत दुखते एकाला आणि भरून येते दुसऱ्याची जखम. शिबी राजाच्या कथेतही पारव्यासाठी तराजूत टाकले गेलेले मांस राजाचे स्वतःचे होते, म्हणून ती कथा दानाची झाली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली तेव्हा 10 जानेवारी 1897 रोजी माणसांत पहिल्यांदा ती स्वतःला टोचून घेतली. त्याआधी तपासणीसाठी वापरलेल्या प्राण्यांनी मात्र काही देऊ केले नव्हते, त्यांच्याकडून ते घेतले होते. घेतलेल्या वस्तूचा उपयोग चांगला झाला म्हणून ती दिलेली ठरत नाही.

ही टोचणी लपवण्यासाठी दोन सांत्वने पुढे केली जातात. पहिले असे की या संशोधनाचा लाभ शेवटी प्राण्यांनाही होतो. पशुवैद्यकही यातूनच वाढते. यज्ञातला पशू स्वर्गाला जातो, या जुन्या सांत्वनाचा हा नवा अवतार आहे आणि त्याला चार्वाकांनी दिलेले उत्तर सर्वदर्शनसंग्रहात आहे: बळी दिलेला पशू स्वर्गाला जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का बळी देत नाही? ही थट्टा वाटते, पण तिच्यात पाश्चात्त्य नीतिशास्त्रात आज गाजणारा एक प्रश्न पुरा भरलेला आहे. बुद्धी कमी, भाषा नाही, संमती देता येत नाही म्हणून उंदीर चालतो, तर याच कसोट्यांवर उतरणारी माणसे आपण कधीच चालवून का घेत नाही? दुसरे सांत्वन प्राण्याला आपल्यापासून दूर लोटण्याचे. अमेरिकेच्या प्राणीकल्याण कायद्याने तर संशोधनासाठी पैदास केलेले लहान आणि मोठे अशा दोन्ही जातींचे उंदीर 'प्राणी' या व्याख्येतूनच वगळले आहेत, जरी प्रयोगांत सर्वाधिक वापर त्यांचाच होतो. भारतीय कायद्यात माणूस सोडून कोणताही सजीव तो प्राणी, ही व्याख्या जास्त प्रामाणिक आहे. उंदराची जखम आपल्या जखमेविषयी काही सांगते ती दोघांच्या रक्तात, दाहात, पेशींत साम्य आहे म्हणून. ज्ञान घेताना साम्य मानायचे आणि वेदनेचा विषय निघाला की अंतर मानायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येत नाही.

मग दुसऱ्या टोकाचा आक्षेप येतो. दोष उरतो असे म्हणता, तर करताच कशाला? ज्याला चूक म्हणायचे ते करतच राहायचे, ही सोयीची नीती झाली. या आक्षेपाचा मला आदर वाटतो, तरी तो पुरता पटत नाही. ज्ञानदेवांनी याच ठिकाणी अतिसोवळ्या अहिंसेचीही खबर घेतली आहे: धर्म म्हणून पाणी गाळायला घेतले तर त्या गाळण्यातच जीव मेले, हिंसेच्या भयाने दाणा शिजवला नाही तर स्वतःचेच प्राण कासावीस केले, आणि तीही हिंसाच. हात मागे घेतल्याने माणूस हिंसेच्या बाहेर पडतो असे नाही. मधुमेहाने पाय कापावा लागणाऱ्या रुग्णाचे दुःखही कुणाच्या तरी न करण्यात दडलेले असू शकते. शिवाय प्रयोगांना विरोध करणारा आजारी पडल्यावर घेतो ती औषधेही याच वाटेने आलेली असतात. पर्याय वाढत आहेत. पेशींपासून वाढवलेले अवयवांचे छोटे नमुने आहेत, चिपवरची ऊती आहे, आणि 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेने व 2023 साली भारताने औषधांच्या नियमांत अशा पद्धतींना जागा करून दिली आहे. जिथे त्या पुरतात तिथे प्राणी वापरण्याला काहीही समर्थन उरत नाही. पण जखम भरणे ही केवळ कातडीची गोष्ट नाही. रक्त गोठते, पांढऱ्या पेशी धावून येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, मज्जातंतू आणि संप्रेरके हात घालतात. हा सगळा मेळ काचेच्या बशीत अजून पुरता उतरत नाही. तोवर काही प्रयोग होतील आणि काही व्हायलाही हवेत.

दोष मानून काय फरक पडतो, हा तिसरा प्रश्न, आणि याचे उत्तर प्रयोगशाळेतच द्यावे लागते. वेदनाशामकाचे उदाहरण घ्या. आयबुप्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी औषधे दाहाला कारण होणारी रसायने कमी करतात, आणि तोच दाह जखम भरण्याच्या पहिल्या टप्प्यात काम करतो. हाड मोडून जुळण्याच्या प्रयोगांत तर या औषधांनी जुळणी मंदावल्याचे उंदरांत दिसले आहे. तेव्हा निष्कर्ष बिघडतील म्हणून वेदनाशामक देऊ नये, ही मागणी अर्जात येते आणि ती वरवर शास्त्रीय दिसते. उंदीर हा भक्ष्य होणारा प्राणी, तो दुखणे लपवतो. त्यामुळे तो शांत आहे असे लिहिणेही सोपे जाते. 2010 साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली: डोळे किती मिटलेले, नाकाचा आणि गालाचा फुगवटा, कान मागे वळलेले की कसे, मिशा कुठल्या बाजूला ताणलेल्या. एकदा हे पाहायला शिकले की शांत उंदीर शांत राहत नाही. प्राण्यांची काळजी घेतली तर शास्त्रही सुधारते, असे अशा वेळी सांगतात. ते बऱ्याचदा खरेही असते, कारण ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या जखमा उशिरा भरतात हे 1998 पासून ठाऊक आहे. पण ज्याच्या मते दोष उरतच नाही, त्याच्याकडे दोघांचे पटत नसेल तेव्हा काय करायचे याचे उत्तर नाही. दोष मानणारा म्हणेल की बुप्रेनॉर्फिनसारखे दुसऱ्या जातीचे औषध द्या, त्याचाही परिणाम होत असेल तर तुलनेच्या गटालाही तेच द्या, निष्कर्ष थोडा धूसर झाला तर होऊ द्या. तेवढी किंमत संशोधकाने भरायची आहे.

वाचस्पतिमिश्रांचे प्रायश्चित्त आजच्या भाषेत कुठे शोधायचे? रसेल आणि बर्च यांनी 1959 साली पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि त्रास कमी करणे ही तीन सूत्रे दिली. ती जगभर पाठ झाली आहेत. तिन्ही प्रयोग होईपर्यंतची आहेत. भारतातल्या नियामक समितीने त्यांना चौथे जोडले, पुनर्वसनाचे: वापर संपल्यावरही प्राण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरायचा. माझ्या वाचनात या क्षेत्रातली ही आपली सर्वांत मोलाची भर आहे, कारण यात काम झाल्यावर देणे उरते हे कबूल केले आहे. हाफकिनसारख्या संस्थांत सर्पविषावरचे औषध ज्यांच्या रक्तातून तयार होत आले त्या घोड्यांना, प्रयोगातून सुटलेल्या कुत्र्या-माकडांना हे सूत्र लागू पडते. ऊतींच्या प्रयोगातल्या उंदराला पडत नाही. त्याची ऊती कापून पाहिल्याखेरीज प्रयोग पुरा होत नाही, मग पुनर्वसन कोणाचे? त्याच्यापुरते देणे एकाच मार्गाने देता येते: त्याच्यापासून जे कळले ते वाया न घालवणे. चिठ्ठ्या न टाकता, गट न लपवता केलेला प्रयोग इथे नुसता ढिसाळ राहत नाही, देणे बुडवणारा ठरतो. गुण न आलेल्या औषधाचा निकाल कपाटात ठेवणे तर त्याहून वाईट, कारण दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा तीच जखम पुन्हा करते. जर्मनीत 2019 पासून प्राण्यांवरच्या प्रयोगांची आधीच नोंद करण्याची सोय आहे. तिथेही ती ऐच्छिक आहे. आपल्याकडे समित्या प्रयोगाआधीच्या अर्जावर जितका वेळ घालवतात तितकाच वेळ त्यांनी प्रयोगानंतरच्या हिशेबावर घालवावा: किती प्राणी गेले, काय कळले, काय कळले नाही, आणि ते कुठे छापले. आधीचा हिशेब दिल्याशिवाय पुढच्या अर्जाला परवानगी देऊ नये. याने संशोधकांचे कागदी काम वाढेल ही तक्रार रास्त आहे, आणि ती ऐकूनही मी हेच म्हणेन.